पेल्यातल्या दंतकथा : कॉकटेलच्या जन्मकथा किती खऱ्या, किती रचलेल्या?

मुंबई, पुणे, पणजीतल्या नव्या बारमध्ये मेनू उघडला की पेयापेक्षा त्याची गोष्टच लांब निघते. कुठे फ्लॉरेन्सचा कोणी सरदार, कुठे क्यूबाच्या खाणीतला अमेरिकन इंजिनिअर, कुठे मलेरियाला घाबरलेला गोरा सोल्जर. गोष्टीच्या शेजारी किंमत असते आणि ती वाचून अनेकजण मुकाट बिअर मागवतात.

किमतीचं कोडं पुढे ओघात सुटेल. खरी मजा गोष्टींमध्ये आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, काही चक्क जाहिरात खात्यात जन्मल्या आहेत. आणि खरा इतिहास शोधायला गेलं तर तो एखाद्या बारटेंडरच्या प्रतिभेपेक्षा बंदरं, जकात, बर्फ आणि कायदे यांच्या आसपास सापडतो. एका ठिकाणी तर तो थेट मुंबईत येऊन पोचतो.

आधी, कॉकटेल म्हणजे काय?

आज दारूत दुसरं काहीही मिसळलं की आपण कॉकटेल म्हणतो. सुरुवातीला अर्थ नेमका होता. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकात हा शब्द छापून आला, तेव्हा एका वाचकानं विचारलं की हे काय असतं. १३ मे १८०६ च्या अंकात संपादकानं उत्तर दिलं: कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. वर टोमणा मारला की निवडणुकीच्या उमेदवाराला हे पेय फार उपयोगी, कारण ज्यानं हे गिळलं तो पुढे काहीही गिळायला तयार होतो.

बिटर्स म्हणजे कडू मुळं, साली आणि मसाले कडक दारूत मुरवून काढलेला अर्क. तो थेंबाथेंबानं वापरतात. मुळात हे औषध. आज जवळपास प्रत्येक बारच्या फळीवर दिसणारं अँगोस्तुरा बिटर्स योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टरानं व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी १८२४ साली तयार केलं. तो दक्षिण अमेरिकेतला स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार याच्या सैन्यात सर्जन होता आणि हा अर्क पोटाच्या तक्रारींसाठी होता.

१८०६ च्या त्या व्याख्येत बर्फ नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा बर्फ ही चैन होती. पुढे बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून, भुशात गुंडाळून, जहाजानं जगभर विकायला सुरुवात केली. १८३३ साली त्याचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. त्यानंतर मुंबईतही बर्फ येऊ लागला आणि इथेही बर्फघर बांधलं गेलं. मद्रासचं बर्फघर तर आजही उभं आहे. गार कॉकटेल ही जी कल्पना आपल्याला स्वाभाविक वाटते, ती या धंद्याच्या पाठीवर बसून जगभर गेली. पण बर्फ विकणाऱ्याची गोष्ट मेनूवर कधी दिसत नाही.

'क्राफ्ट' म्हणजे नेमकं काय वाढलं?

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चांगले बारटेंडर लंडनला, हवानाला गेले किंवा त्यांनी धंदा सोडला. बंदी उठली तोवर हाताचं कसब पुढे नेणारी साखळी तुटली होती. पुढच्या काही दशकांत लिंबाच्या रसाऐवजी बाटलीतलं आंबटगोड मिश्रण आलं आणि सोडा नळातून येऊ लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये बारटेंडर डेल डिग्रॉफ यांनी ताजा रस आणि जुन्या पुस्तकांतल्या रेसिपी परत आणल्या. १९९९ च्या शेवटच्या दिवशी साशा पेट्रास्के यांनी त्याच शहरात 'मिल्क अँड हनी' हा छोटा बार उघडला. मोजून ओतणं, मोठे स्वच्छ बर्फाचे तुकडे, आरडाओरडा नाही, अशी त्याची शिस्त होती. आज जगभर ज्याला क्राफ्ट कॉकटेल म्हणतात त्याचा साचा बराचसा तिथून आला.

बर्फावर एवढा भर का, असं हसून विचारणारे भेटतात. कारण बर्फ फक्त गार करत नाही, तो पाणीही घालतो. शेकरमध्ये हलवून गाळलेल्या पेयात चौथा ते तिसरा हिस्सा बर्फाचं वितळलेलं पाणी असतं. ते कमी पडलं तर पेय घसा जाळतं, जास्त झालं तर पचपचीत लागतं. मोठा तुकडा पेल्यात हळू वितळतो, म्हणून शेवटचा घोट पहिल्याच्या जवळपास राहतो. किंमत वाढते ती या बर्फामुळे, रोज पिळलेल्या रसामुळे, आयात दारूवरच्या करामुळे आणि अर्थात जागेच्या भाड्यामुळे. गोष्टीचेही थोडे पैसे लागतातच.

क्यूबाचा इंजिनिअर आणि १६९४ ची मुंबई

डायकिरी हे पेय घ्या. रम, लिंबाचा रस, साखर, बस. मेनूवरची गोष्ट अशी: १८९८ च्या सुमारास क्यूबात सँतियागोजवळच्या डायकिरी गावच्या लोखंडाच्या खाणीत जेनिंग्ज कॉक्स हा अमेरिकन इंजिनिअर होता. पाहुणे आले, घरातली जिन संपली होती, म्हणून त्यानं स्थानिक रममध्ये लिंबू आणि साखर घातली आणि नवं पेय जन्माला आलं. १९०९ मध्ये लुशियस जॉन्सन या नौदलाच्या डॉक्टरानं ते वॉशिंग्टनच्या आर्मी अँड नेव्ही क्लबात नेलं.

माणसं खरी, गाव खरं, खाणही खरी. प्रश्न फक्त 'जन्माला आलं' या शब्दांचा.

आता दोनशे वर्षं मागे येऊ. १६९४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनं खाणावळवाल्यांसाठी एक हुकूम काढला. त्यात म्हटलं होतं की पंच, म्हणजे दारू, साखर आणि लिंबू यांचं वाडग्यातलं मिश्रण, प्यायला आलेल्या कोणालाही एक क्वार्ट चांगला गोव्याचा अर्क, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागता येईल, आणि त्याचा त्यानं आपापला पंच करून घ्यावा. आजच्या मापात साधारण एक लिटर दारू, पाव किलो साखर, पाव लिटर लिंबू. पंचाच्या वाडग्यावर बाजार अधिकाऱ्याची मोहोर नसेल तर गिऱ्हाइकानं वाडगा खुशाल फोडावा, ना वाडग्याचे पैसे द्यावेत ना पंचाचे, असाही नियम होता. ग्राहक संरक्षणाचा इतका रोकडा कायदा पुन्हा झाला नसेल.

हा 'गोव्याचा अर्क' म्हणजे माडीपासून गाळलेली दारू. ताडी-माडी काढणारे भंडारी आणि गोव्यातले रेंदेर यांच्या श्रमावर हा सगळा व्यापार उभा होता. अर्काच्या जागी रम ठेवा आणि भरपूर बर्फ घाला. तुमच्यासमोर डायकिरीच्या जवळची काहीतरी वस्तू येईल. कॉक्स तेव्हा जन्मायचाही होता.

मुंबई हे पंचाचं जन्मस्थान, असं मी म्हणत नाही. पंचाचा कागदावरचा पहिला उल्लेख १६३२ चा, कंपनीच्याच माणसाच्या पत्रातला आहे आणि सुरतेलाही तो तितकाच चालत होता. मुद्दा इतकाच की जिथे ऊस किंवा माड आहे, लिंबू आहे आणि दूर घरापासून आलेले तहानलेले लोक आहेत, तिथे ही तीन मापं आपोआप एकत्र येतात. ब्रिटिश नौदलात १७४० साली अॅडमिरल व्हर्नन यांनी खलाशांची रम पाण्यात मिसळून द्यायचा हुकूम काढला आणि चवीसाठी साखर आणि लिंबू घ्यायला मुभा ठेवली. तेही याच घराण्यातलं.

मग कॉक्सनं काहीच केलं नाही का?

पहिली मिसळ कोणी केली, असं कोल्हापूर, पुणे आणि नाशिक या तिघांना विचारून पाहा. तिन्हीकडे उत्तर मिळेल, तिन्हीकडे एखाद्या जुन्या दुकानाचं नाव निघेल आणि तिघांपैकी कोणी खोटं बोलत असेल असंही नाही. मोड आलेली कडधान्यं, तिखट रस्सा आणि वर फरसाण ही कल्पना कोणा एकाची नसते. एकाची असते ती विशिष्ट मांडणी, नाव आणि ते गावाबाहेर पोचवण्याची खटपट. कॉक्सनं तेवढं केलं, जॉन्सननं ते समुद्रापार नेलं, आणि हवानाच्या एल फ्लोरिदिता बारमध्ये कॉन्स्तांते रिबालाइगुआनं कुटलेल्या बर्फानं त्याला आजचं रूप दिलं. तिघांचं श्रेय वेगवेगळं आहे. मेनूवर जागा एकालाच असते, म्हणून 'शोध लावला' असं लिहितात.

जिन-टॉनिकनं मलेरिया बरा व्हायचा?

ही गोष्ट भारतात सगळ्यात जास्त सांगितली जाते, कारण ती आपल्याच घरची. मलेरियापासून वाचायला गोरे शिपाई कडू क्विनीन घेत, ते गोड व्हावं म्हणून त्यात साखर, सोडा आणि जिन घालत, आणि अशी साम्राज्यातली सर्वात प्रसिद्ध जोडी जमली.

क्विनीन म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतलं मलेरियावरचं औषध. १८२० साली फ्रान्समध्ये पेल्त्ये आणि कावाँतू यांनी ते सालीतून वेगळं काढलं. फौजेत ते औषध म्हणून मोजून दिलं जाई, अनेकदा वाईनमध्ये किंवा हाताशी असेल त्या दारूत. इथवर गोष्ट ठीक. पण टॉनिक वॉटरचं, म्हणजे क्विनीन घातलेल्या सोड्याचं, पेटंट १८५८ साली इरॅस्मस बाँड यांनी घेतलं ते लंडनमध्ये, आणि ते विकलं गेलं भूक वाढवणारं, पचनाला बरं असं पेय म्हणून. जिन आणि टॉनिक एकत्र असल्याचा सापडलेला सर्वात जुना छापील उल्लेख १८६८ चा, भारतातल्या इंग्रजांच्या एका क्रीडा मासिकातला आहे. प्रसंग आहे घोड्यांच्या शर्यतीनंतरचा. ताप नाही, दवाखाना नाही. शर्यत संपली, मंडळींना तहान लागली, थंड पेयं मागवली.

म्हणजे भारताशी नातं खरं, क्विनीनचं नातंही खरं. औषध म्हणून सुरू झालं हा दुवा मात्र पुराव्यात दिसत नाही.

आजही 'डासांचा सीझन आहे, जिन-टॉनिक बरं' असं अर्धं गमतीत म्हणणारे आहेत, म्हणून हिशेब. अमेरिकेत टॉनिकमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीन घालायला परवानगी आहे. मलेरियाच्या उपचारात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १,८०० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे रोज वीस लिटरहून जास्त टॉनिक, तेही आठवडाभर. ताप आला तर रक्त तपासा.

गोष्ट कोणाच्या फायद्याची?

जन्मकथा पारखायला फार विद्वत्ता लागत नाही. पहिल्यांदा छापून कधी आली ते बघायचं, आणि त्या गोष्टीनं कोणाचा माल खपतो ते बघायचं.

ओल्ड फॅशन्ड म्हणजे व्हिस्की, साखर, बिटर्स आणि थोडं पाणी. हे पेय केंटकीतल्या लुईव्हिलच्या पेंडेनिस क्लबात जन्मलं, असं वर्षानुवर्षं सांगतात. क्लब स्थापन झाला १८८१ साली. शिकागोच्या एका दैनिकात 'ओल्ड फॅशन्ड कॉकटेल'चा उल्लेख आहे १८८० चा. शिवाय नाव बघा. जुन्या पद्धतीचं मागणाऱ्यांना १८०६ चीच ती चार वस्तूंची रेसिपी हवी होती, कारण मधल्या काळात बारटेंडर त्यात नाना लिकर घालू लागले होते. जुनं मागितलेल्या गोष्टीचा शोध कोणी कसा लावणार?

मॉस्को म्यूल तर याहून मजेदार. नाव मॉस्कोचं, जन्म लॉस एंजेलिसचा, साल १९४१. ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिन यांनी १९३९ मध्ये स्मर्नॉफ व्होडकाचे अमेरिकेतले हक्क घेतले होते, पण अमेरिकनांना व्होडका माहीतच नव्हती. सनसेट बुलव्हार्डवरच्या 'कॉक अँड बुल'चा मालक जॅक मॉर्गन याच्याकडे जिंजर बिअर पडून होती. ही आल्याची गोड सोडा, नावात बिअर असली तरी. दोन न खपणाऱ्या वस्तू, एक लिंबू आणि तांब्याचा मग. त्याच बारचा एक बारटेंडर पुढे सांगायचा की तळघर रिकामं करायला आपणच ते मिसळलं. कोणाचंही खरं धरा, हेतू गोदाम रिकामं करण्याचाच. पुढे पोलरॉइड कॅमेरा आला तेव्हा मार्टिन बारमध्ये जाऊन बारटेंडरचे मगासकट दोन फोटो काढायचे. एक त्याला द्यायचे, दुसरा पुढच्या बारमध्ये दाखवायचे, की बघा, शेजारी विकायला लागला. मला ही गोष्ट कुठल्याही सरदाराच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते, आणि मेनूवर तीच नसते.

सिंगापूर स्लिंगचं श्रेय रॅफल्स हॉटेलमधल्या न्यिआम तोंग बून यांना, साल १९१५. पण त्याच्या बरीच वर्षं आधी सिंगापूरच्या वर्तमानपत्रात गुलाबी स्लिंगचा उल्लेख आहे. हॉटेलच्या गोष्टीत निदान एका आशियाई बारटेंडरचं नाव टिकलं, एवढं मी त्या हॉटेलच्या बाजूनं म्हणेन.

म्हणजे सगळंच थाप?

नाही. काही कथा चांगल्या टिकतात, कारण सांगणारी व्यक्ती स्वतः तिथे होती. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलची मुख्य बारटेंडर एडा कोलमन हिनं १९२५ मध्ये वर्तमानपत्राला सांगितलं की नट चार्ल्स हॉट्री थकूनभागून यायचा आणि काहीतरी दमदार मागायचा. तिनं जिन, गोड व्हर्मूथ आणि फर्नेट नावाचं कडू इटालियन मद्य यांचं मिश्रण बेतलं. त्यानं पेला एका दमात संपवला आणि तोंडातून जे उद्गार निघाले त्यातूनच नाव पडलं, हँकी पँकी. व्हर्मूथ म्हणजे वनौषधी घातलेली वाईन. बनवणारी स्वतः बोलतेय, पिणाऱ्याचं नाव आहे, आणि या साध्याशा किश्शातून कोणतीही बाटली विकायची नाही.

नेग्रोनी मधोमध कुठेतरी येतं. १९१९ साली फ्लॉरेन्सच्या कासोनी कॅफेत काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी फॉस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरला सांगितलं की माझ्या अमेरिकानोत सोड्याऐवजी जिन घाल. अमेरिकानो म्हणजे कँपारी हे कडू इटालियन मद्य, व्हर्मूथ आणि सोडा. काउंट खरा होता. छापील रेसिपी मात्र बऱ्याच उशिरा दिसतात, आणि एका फ्रेंच जनरलच्या घराण्याचाही या नावावर दावा आहे. पण गोष्टीत एक पटणारी बाब आहे: काउंटनं काही शोधलं नाही, त्यानं फक्त सोड्याच्या जागी जिन मागितली. बहुतेक खरे शोध असेच किरकोळ दिसतात.

खोटी असली तर बिघडलं काय?

हा आक्षेप रास्त आहे. गिऱ्हाईक मजेसाठी आलंय, पीएचडीसाठी नाही. गोष्ट चांगली असेल तर पेय अर्धं जास्त चवदार लागतं, हे मीही मान्य करते.

बिघडतं ते दुसरीकडे. ज्याच्याकडे छापखाना, हॉटेल किंवा कंपनी होती त्याची गोष्ट राहिली. ज्यांची दारूच बेकायदा ठरवली गेली त्यांची गोष्ट लिहायला कोणी बसलंच नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्यांवर टाच आणली आणि दारू गाळणं सरकारी परवान्याच्या मोठ्या भट्ट्यांकडे वळवलं. १८९२ च्या मोहा कायद्यानं ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करून बाळगण्यावरच बंधनं आली. आदिवासींच्या लग्नात, पूजेत, मयतात असलेलं पेय 'हातभट्टी' झालं. आता काही बारच्या मेनूवर मोहाचं कॉकटेल दिसतं आणि खाली 'विस्मृतीत गेलेलं' असं लिहिलेलं असतं. ज्यांना ते सोडायला लावलं त्यांच्या विस्मृतीत ते कधीच गेलं नव्हतं.

फेणीचं नशीब थोडं बरं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला, गोव्यानं त्याच्या बोंडूंची दारू केली. ती बरीच वर्षं सरकारी दफ्तरात 'देशी दारू' होती, त्यामुळे राज्याबाहेर विकणं अवघड. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त गोव्यात बनलेल्यालाच लावता येईल. २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आता पणजी-म्हापशाचे बारटेंडर फेणीत कोकम, तिरफळ, गूळ घालून पाहतायत आणि त्या पेयांना नावं पडतायत. पंचवीस वर्षांनी त्यांच्याही जन्मकथा असतील. आत्ताच रेसिपीखाली तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं तर पुढच्यांचे वाद वाचतील.

पहिल्या गाळणीची हलकी दारू, हुर्राक, मार्च-एप्रिलमध्ये येते आणि पावसाच्या आधी संपते. तिच्यात लिम्का, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालायची पद्धत गोव्यात घरोघरी आहे. ती कोणी काढली, यावर अजून एकाही हॉटेलनं दावा सांगितलेला मी पाहिला नाही. पुढेमागे कोणी सांगितला आणि गोष्टीत पोर्तुगीज काळातला गव्हर्नर घातला, तर लिम्का कधी निघाली ते बघावं.